प्रश्न तुमचे, पाना आमचा

या अंकातले सगळे प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे आहेत: शनिवार-रविवार गाठून मित्रांबरोबर गाड्या काढायच्या आणि एखाद्या रॅलीला जाऊन यायचं. उत्तरं दोघांनी मिळून लिहिली आहेत. एकाचा हात टू-स्ट्रोक गाड्या (पेट्रोलबरोबरच ऑइल जाळणाऱ्या जुन्या गाड्या) आणि स्कूटरच्या कामात बसलेला, दुसऱ्याचा ग्रुप घेऊन जाण्यात. जिथे दोघांचं पटलं नाही तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : आम्ही पुण्याचे सहा मित्र नोव्हेंबरमध्ये गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डच्या मोटोव्हर्स रॅलीला जाणार आहोत. गाड्या : एक ॲक्टिव्हा, एक १२५ची स्कूटर, दोन १५० सीसी बाइक, दोन बुलेट ३५०. शुक्रवारी एका दिवसात पोचायचंय. बुलेटवाले म्हणतात, स्कूटरवाल्यांनी तासभर आधी निघावं, आम्ही वाटेत गाठतो. हे बरोबर आहे का?

नाही. तासभर आधी निघालेली स्कूटर खंबाटकीत बंद पडली तर तिच्याजवळ ना पाना असतो ना माणूस, आणि मागून येणारे बुलेटवाले दुसऱ्या पदरातून पुढे निघून जातात. मग दिवसभर फोनाफोनी. सहा गाड्या एकत्र निघणार असतील तर ॲक्टिव्हा ज्या वेगाला निवांत चालते तोच सगळ्यांचा वेग. हायवेला तो ६० ते ६५. बुलेटला याचा त्रास नाही. ६० ला पाचव्या गिअरमध्ये ती गाडी खुशीत असते. त्रास होतो तो चालवणाऱ्याच्या मानाला.

आता हिशेब. कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं गेलात तर वागातोर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ६० चा वेग ठेवून चहा, जेवण, पेट्रोल, लघवी हे सगळं धरलं की सरासरी ४० ते ४२ बसते. म्हणजे अकरा तास. पहाटे पाचला निघालात तर दुपारी चार-साडेचारला पोचाल. वाटेत काही निघालं तर सहा. साताऱ्यापासून कागलपर्यंत रस्त्याची कामं आणि डायव्हर्जन लागतात, तिथला वेळ यातच धरा. सात वाजता निघायचं असेल तर कोल्हापूरला किंवा निपाणीला मुक्काम ठरवूनच निघा. कारण वेळापत्रकात खरी मेख एकच आहे : आंबोली घाट उजेडात उतरला पाहिजे. दुपारी चारनंतर तिथे धुकं कधी बसेल सांगता येत नाही, आणि स्कूटरच्या दिव्यात धुक्यातलं वळण दिसत नाही.

पेट्रोल सगळ्यांनी एकाच पंपावर, एकाच वेळी भरायचं. कुणाची टाकी अर्धी भरलेली असली तरी. ॲक्टिव्हाची टाकी ५.३ लिटरची. सामानासकट ४५ चं ॲव्हरेज धरा आणि एक लिटर राखून ठेवा, म्हणजे १९० किलोमीटर. म्हणून पेट्रोलचा टप्पा ११० ते १५० किलोमीटरचा : सातारा (११०), तिथून कोल्हापूर (१२०), आणि तिसरा निपाणीला. निपाणी कोल्हापूरहून चाळीसच किलोमीटर आहे, तरी तिथे टाक्या वर करा. पुढे घाटाच्या अलीकडे घाईत पंप शोधत बसायची वेळ येऊ नये.

रांग अशी लावा. पहिली एक बुलेट, तिच्यावर असा माणूस ज्याला रस्ता माहीत आहे आणि ज्याला आरशात बघायची सवय आहे. दुसरी ॲक्टिव्हा, तिसरी १२५. मग दोन्ही १५०. सगळ्यात शेवटी दुसरी बुलेट, अनुभवी माणूस आणि हत्यारांची पिशवी. हळू गाडी शेवटी ठेवायची चूक बहुतेक ग्रुप करतात. रांग रबरासारखी ताणते. पुढच्याने ट्रक ओलांडला की प्रत्येक मागच्याला संधीसाठी थोडं जास्त थांबावं लागतं आणि ती तूट भरून काढायला शेवटच्याला सगळ्यात जोरात चालवावं लागतं. पहिला ६० ने जात असतो तेव्हा सहावा ८० ने धावत असतो. तिथे ॲक्टिव्हा असेल तर तिच्याकडे ती ताकदच नाही.

शेवटचा नियम, आणि हाच सगळ्यात उपयोगाचा : वळणाच्या जागी प्रत्येकाने आपल्या मागच्याची वाट बघायची. निपाणीला हायवे सोडताना, उत्तूरला, आजऱ्यात, सावंतवाडीत. मागची गाडी दिसली, त्याने हात केला की मगच निघायचं. यात पुढच्याला रांगेची काळजी करावी लागत नाही आणि कुणाला फोन काढावा लागत नाही. थांबायचं ते पंपावर, ढाब्यावर, रुंद कच्च्या कडेला. पुलावर, उड्डाणपुलाच्या उतारावर किंवा वळणाच्या पोटात नाही, फोटोसाठी तर नाहीच.

प्रश्न : दोन-दोनच्या जोडीने चालवलेलं दिसायला छान दिसतं. चालतं का?

फोटोपुरतं. शेजारची गाडी खड्डा चुकवायला सरकली तर तुम्हाला सरकायला जागा नसते. नागमोडी चाला : पहिला पदराच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या भागात थोडा मागे, तिसरा पुन्हा उजवीकडे. तिरप्या समोरच्यापासून एक सेकंदाचं अंतर, सरळ समोरच्यापासून दोन सेकंदांचं. पुढच्याने खांब ओलांडला की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणून मोजा. त्याआधी खांब आला तर तुम्ही फार जवळ आहात. घाटात, गावात, पावसात आणि अरुंद रस्त्यावर नागमोडी मोडून एकामागे एक.

आमच्यातल्या एकाचं मत असं की आपल्या हायवेवर दुचाक्या डाव्या पदरात आणि डाव्या पदरात उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, म्हणून सहापेक्षा जास्त गाड्यांनी नागमोडीसुद्धा करू नये, तीन-चारचे गट करून मध्ये अर्धा किलोमीटर ठेवावं. दुसऱ्याला आठपर्यंत चालतं. आठच्या वर गट फोडायचा यावर एकमत आहे.

प्रश्न : घाट उतरताना माझ्या स्कूटरचे ब्रेक शेवटी शेवटी लागेनासे होतात, जळका वासही येतो. गॅरेजवाल्याने लायनर नवीन टाकले तरी तेच. (सातारा)

लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) निर्दोष आहेत, उतरण्याची पद्धत बदला. ड्रम ब्रेक सतत थोडाथोडा दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनरची पकड जाते, आणि ड्रम तापून फुगल्यामुळे लिव्हर जास्त आत येतो. वास येतो तो तापलेल्या लायनरचा.

गिअरच्या गाडीला उतारावर इंजिन धरून ठेवतं. गिअर नसलेल्या स्कूटरलाही धरतं, पण एका अटीवर. तिचा क्लच फिरण्याच्या जोराने उघडतो आणि बसतो. वेग साधारण १५-२० च्या खाली गेला की क्लच सुटतो, आणि मग इंजिन चालू असूनही गाडी सायकलसारखी मोकळी धावते. अशा वेळी वेग वाढला तरी क्लच आपोआप बसेलच असं नाही. किंचित ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज बदलेल, क्लच बसेल, मग ॲक्सिलरेटर सोडा. आता इंजिन थोडं तरी धरेल. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना हे सगळं लागू नाही, त्यांना फक्त ब्रेक उरतात.

ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, जोराने आणि थोडा वेळ. वेग पुरेसा खाली आला की पूर्ण सोडायचा. तीन-चार सेकंद दाबला, दहा सेकंद मोकळा, असं. मोकळ्या वेळात ड्रमला वारा लागतो. दोन्ही ब्रेक वापरा. डावा लिव्हर दाबला की पुढचाही थोडा लागतो अशी जोडणी हल्लीच्या स्कूटरना असते, पण पुढच्याचा पूर्ण जोर उजव्या लिव्हरनेच मिळतो. पकड कमी झाली असं वाटलं की थांबा, पंधरा मिनिटं. ड्रमवर पाणी ओतू नका.

निघण्याआधी एक बघा : मागच्या ब्रेकच्या दांड्याजवळ झिजेचा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबून तो खुणेला पोचत असेल तर घाटात जायच्या आधी लायनर बदला. आणि चाकातली हवा. ११० च्या बहुतेक स्कूटरना पुढे २२ पीएसआय, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६ असं सांगितलेलं असतं. आपल्या गाडीचं स्टिकर बघून घ्या. हवा भरणारा पोरगा विचारल्याशिवाय दोन्हीकडे ३५ मारतो, तेव्हा पुढचं चाक ओल्या वळणावर घसरतं.

प्रश्न : कोल्हापूरहून दोन जुने चेतक, एक एलएमएल, एक येझदी आणि एक आरएक्स १०० असा ताफा गोव्याला न्यायचा आहे. ऑइल किती मिसळायचं यावरूनच आमच्यात भांडण आहे. आणि हायवेला इंजिन जाम होईल अशी भीती सगळेच घालतात.

भांडण मिटवणं सोपं आहे. चेतक आणि एलएमएलला चांगल्या टू-टी ऑइलचं प्रमाण २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली. नव्याने बोअर केलेलं इंजिन असेल तर पहिले ५०० किलोमीटर ३० मिली. येझदीचं जुनं पुस्तक १:२५ च्या आसपास सांगतं, पण ते साध्या इंजिन ऑइलच्या काळातलं. आजच्या टू-टीला ३० मिली पुरतं, लांबच्या पल्ल्याला ३५ घ्या. आरएक्स १०० मध्ये मिसळायचं नाहीच; तिला वेगळी ऑइलची टाकी आणि पंप आहे. फक्त कुणीतरी पूर्वी तो पंप काढून बंद केलेला नाही ना, एवढं खात्रीने बघा. जुन्या आरएक्समध्ये हे बऱ्याचदा केलेलं असतं, आणि नवा मालक ऑइलची टाकी भरून निर्धास्त राहतो.

जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. ऑइल वाढलं की कार्ब्युरेटरच्या तेवढ्याच जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल कमी जातं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, इंजिन उलट जास्त तापतं. वर प्लग काळा होतो आणि सायलेन्सर तुंबतो.

आता बहुतेक पंपांवर मिक्स (ऑइल मिसळलेलं पेट्रोल) मिळत नाही, म्हणून १०० मिलीच्या बाटल्या भरून घ्या. स्कूटरमध्ये पाच लिटर पेट्रोल टाकायचं तर १०० मिली, हिशेब डोक्यात राहतो. आधी ऑइल ओता, मग वरून पेट्रोल. पेट्रोलच्या धारेने ते ढवळलं जातं. उलट केलंत तर ऑइल तळाशी बसतं आणि कोक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) उघडल्यावर पहिल्यांदा तेच कार्ब्युरेटरमध्ये जातं.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे, ही जुन्या गाड्यांसाठी वेगळी डोकेदुखी. जुना पेट्रोल पाइप फुगतो किंवा तडकतो, कोकमधलं रबर सुजतं, कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई अडकते. तिन्ही नवीन टाका, खर्च फार नाही. इथेनॉल ओल ओढून घेतं, म्हणून महिनाभर उभ्या गाडीतलं पेट्रोल घेऊन रॅलीला निघू नका, काढून ताजं भरा. इथेनॉलमुळे मिश्रणही किंचित पातळ होतं. प्लग पांढरट येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा करून बघा. प्लग वाचायचा तो असा : हायवेला दहा किलोमीटर ६० ने चालवा, चालत्या वेगातच क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या, प्लग काढा. चॉकलेटी असेल तर ठीक. ओला काळा, तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढरा, तर गाडी जाम होण्याच्या वाटेवर आहे.

जाम का होते? तीन कारणं नेहमीची. पहिलं, मिश्रण पातळ : तुंबलेला जेट, किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधल्या गास्केटमधून हवा शिरते. दुसरं, वारा न लागणं. चेतक आणि एलएमएलचं इंजिन कव्हरच्या आत असतं आणि मॅग्नेटचा पंखा त्यावर वारा मारतो. सिलिंडरच्या पात्यांमध्ये चिखल आणि ऑइलचा थर बसला, किंवा कुणी पत्र्याचं झाकण परत बसवलंच नाही, तर वारा भलतीकडे जातो. तिसरं कारण लोकांना माहीत नसतं, आणि आंबोलीत तेच गाठतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर येतं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिनावर गाडी धरली की इंजिन जोरात फिरत असतं पण पेट्रोल जवळपास जात नसतं, म्हणजे ऑइलही जात नसतं. म्हणून उतारावर दर काही सेकंदांनी क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटरला एक झटका द्या. येझदीवाल्यांना हे आजोबांनी सांगितलेलं असतं, स्कूटरवाल्यांना नसतं.

इंजिन आवळल्यासारखं वाटलं, आवाज जड झाला, वेग आपोआप पडला, की तत्क्षणी क्लच. विचार नंतर. क्लचच्या लिव्हरवर दोन बोटं कायम ठेवण्याची सवय याच्यासाठी. गाडी कडेला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या, किक मारत बसू नका. मग प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर टू-टी सोडा, गाडी गिअरमध्ये घालून हळूच पुढे-मागे हलवा. सुटली तर प्लग साफ करून चालू करा आणि पुढचा प्रवास ४५ च्या वर नाही, पेट्रोलमध्ये लिटरला १० मिली जास्त. नाही सुटली तर टेम्पो.

चेतकच्या चाकाबद्दल एक इशारा. स्टेपनी आहे म्हणून पंक्चरची चिंता नसते, पण तिचा रिम दोन तुकड्यांचा असतो. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे, आणि रिमचे दोन तुकडे एकमेकांना धरणारे नट वेगळे. दुसरे नट हवा असताना सोडले तर रिम उडते. आधी हवा पूर्ण सोडा. आणि निघायच्या आदल्या दिवशी स्टेपनीत हवा आहे का बघा. वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं.

प्रश्न : जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिनाला गाडी न्यायची असते आणि दर वर्षी पावसात बंद पडते. घरी आणून वाळवली की पहिल्या किकला चालू! (नाशिक)

पाऊस थांबल्यावर चालू होते, म्हणजे पाणी करंटच्या वाटेवर जातंय. तीन जागा बघा. प्लगची टोपी : आतलं रबर कडक झालेलं असतं. टोपी नवीन घ्या, वायरच्या टोकाचा अर्धा इंच कापून ताज्या तारेवर बसवा. वायर : रात्री अंधारात गाडी चालू करून तिच्यावर पाण्याचा फवारा मारा, जिथून निळी ठिणगी बाहेर उडते तिथे वायर फुटली आहे. पॉइंट (करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) : ते उजव्या कव्हरच्या आत असतात आणि वायर जिथून आत जाते तिथलं रबर गेलेलं असलं की तिथून पाणी झिरपतं. रबर बदला, नाहीतर तिथे सिलिकॉन सीलंट लावा. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६. पॉइंट पांढऱ्या कोऱ्या कागदाची पट्टी फिरवून पुसा, पॉलिश पेपर मारला की त्यातले कण मध्ये राहतात.

रस्त्यात बंद पडलीच तर झाडाखाली घ्या, कव्हर उघडा, कोरड्या फडक्याने पॉइंट पुसा, प्लग बदला. किक मारून मारून पेट्रोलने प्लग ओला करू नका, तो मग दुसराच आजार होतो.

बाकी पावसाचं : पहिल्या सरीनंतरची पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, रस्त्यावरचं ऑइल वर तरंगतं. पांढरे पट्टे, पुलाच्या लोखंडी पट्ट्या, घाटात वरून वाहून आलेली लाल माती यांच्यावर ब्रेकही नाही, कलणंही नाही. ओढ्यातून गाडी काढल्यावर पुढची दोनशे पावलं ब्रेक हलका दाबून लायनर वाळवा. रेनकोट शर्ट-पँटचा हवा. घोंगडीसारखा पांघरायचा रेनकोट वाऱ्याने फुगतो, मागच्या चाकात जातो.

प्रश्न : ठाण्याहून आम्ही दोघं १५० सीसी बाइकवर डबलसीट, दोन बॅगा. एक्स्प्रेसवेने पुण्याच्या मित्रांना गाठायचं म्हणतोय. सामान कसं बांधायचं?

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या हायवेने यावं लागेल. निदान तासभर जादा धरा.

जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, कुलूप, खाली आणि सीटच्या जवळ. हलके कपडे वर. मागच्या कॅरिअरवर उंच जड बॅग ठेवली की पुढचं चाक हलकं होतं आणि ७० ला हँडल थरथरायला लागतं; लोक मग अलाइनमेंट करत बसतात. दोन्ही बाजूंच्या बॅगांचं वजन सारखं हवं. सायलेन्सरकडची बॅग बांधल्यावर मागे माणूस बसवून बघा, गाडी दबल्यावर बॅग सायलेन्सरला टेकते का. टेकली तर पन्नास किलोमीटरमध्ये भोक. हुकाच्या रबरांपेक्षा बकलचे पट्टे बरे. रबराचा हुक सुटला तर एकतर डोळ्यात नाहीतर चेनमध्ये. पट्ट्यांची लोंबती टोकं गाठ मारून बंद करा. वीस किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळा, सामान पहिल्यांदा बसतंच.

डबलसीट आणि सामान असताना मागच्या शॉकची सेटिंग दोन खाचा कडक करा, हेडलाइट थोडा खाली घ्या (नाहीतर समोरचे रात्रभर डिपर मारतील), मागची हवा डबलसीटची. चेनची ढिलाई साधारण २५ ते ३० मिमी; चाक फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजा. दर ५०० किलोमीटरला चेनला ऑइल, म्हणजे जाताना पोचल्यावर एकदा, गरम असतानाच.

प्रश्न : हत्यारांची यादी द्या. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण पूर्ण गॅरेज घेऊन येतो किंवा काहीच नाही. (लातूर)

ग्रुपला एकच पिशवी, शेवटच्या गाडीवर : ८ ते १७ चे रिंग पाने, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, इन्सुलेशन टेप, दहा-बारा झिप टाय, एम-सील, एक मीटर पेट्रोल पाइप, हातमोजे, टॉर्च, हवेचा छोटा पंप आणि गेज. ज्याची त्याची गाडी ज्याने त्याने सांभाळायची : आपल्या गाडीचा प्लग, दोन फ्यूज, बल्ब, क्लच आणि ॲक्सिलरेटरची वायर, ट्यूबची गाडी असेल तर एक ट्यूब.

क्लचची वायर पिशवीत ठेवण्यापेक्षा आधीच जुन्या वायरच्या बाजूने ओढून दोन्ही टोकं टेपने बांधून ठेवा. तुटली तर रस्त्यात फक्त दोन टोकं जोडायची, टाकी उचलावी लागत नाही.

स्कूटरच्या बेल्टवर आमचं पटत नाही. एक म्हणतो, बेल्ट सोबत ठेवा, वाटेत मेकॅनिक मिळतो पण आपल्या मॉडेलचा बेल्ट मिळत नाही. दुसरा म्हणतो, साधारण २० हजार किलोमीटर झाले असतील तर निघण्याआधीच बदला, बरोबर रोलरही बघा, म्हणजे प्रश्न उरत नाही. तुमच्या स्कूटरचं रनिंग माहीत नसेल (सेकंडहँड असेल) तर दोन्ही करा. बेल्ट गेल्याची खूण : इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही.

ट्यूबलेस पंक्चर : खिळा कुठल्या कोनात घुसलाय ते बघून पकडीने काढा. त्याच कोनात रीमर घालून आठ-दहा वेळा वर-खाली करा. घाबरू नका, भोक मोठं व्हायलाच हवं. रबराची पट्टी सुईत मधोमध ओवा, सोल्यूशन लावा, दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहतील इतकी आत ढकला, सुई एका झटक्यात बाहेर. उरलेलं ३-४ मिमी ठेवून कापा, हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर हा उपाय नाही.

प्रश्न : कागदपत्रं कोणती? गाडी मित्राची आहे. (फोंडा)

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. फोनची बॅटरी संपली तर चालत नाही. १५ वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा केलेली हवी, ती पाच वर्षांची मिळते. जुन्या येझदीवाल्यांनी तारीख बघावी. मित्राच्या गाडीवर त्याच्या संमतीने आणि वैध लायसन्सवर चालवलंत तर त्रयस्थाचा विमा लागू राहतो, पण १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच गाडीच्या मालक-चालकापुरतं असतं, ते तुम्हाला मिळत नाही. स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी घ्या. आयएसआय मार्कचं हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावून. नसेल तर दंड होतो आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर दारू हा गुन्हा आहे, आणि ते दोन बिअरमध्येही गाठलं जातं. रॅलीच्या संध्याकाळी गाडी मुक्कामावर ठेवून चालत जा. गोव्यातून बाटल्या बॅगेत भरून आणायचा विचार असेल तर महाराष्ट्राच्या हद्दीवरचा बांद्याचा तपासणी नाका आठवा.

प्रश्न : रॅलीला जायचं म्हणजे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हवाच ना?

हवाच असं कुणी सांगितलं? गाडीत केलेल्या अशा बदलाला पाच हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय साडेचारशे किलोमीटर तो आवाज सगळ्यात जास्त तुमच्याच कानात, आणि त्यानंतर मागे बसलेल्याच्या.

प्रश्न : परत येताना रविवारी हात बधिर होतात, डोळे मिटतात. उपाय?

हात बधिर होतात ते हँडल गच्च धरल्याने. हँडल अंडं धरल्यासारखं धरा, गुडघ्यांनी टाकी धरा. स्कूटरला टाकी नसते, तिथे कंबर सरळ आणि पाय पुढे. दर ८० किलोमीटरला दहा मिनिटं गाडीवरून उतरायचं, पाणी प्यायचं. तहान लागेपर्यंत थांबू नका, वाऱ्यात घाम कळत नाही.

झोपेवर चहा चालत नाही. डोळा जड झाला की वीस मिनिटं ढाब्याच्या बाजेवर आडवं व्हा. बाकीच्यांनी कुरकुरायचं नाही. निघायची वेळ रविवारी सकाळी सात, कितीही उशिरा झोपला असलात तरी. दहाला निघालेला ग्रुप साताऱ्याच्या आसपास अंधारात सापडतो आणि तिथून पुण्यापर्यंत ट्रकच्या मागच्या न लागणाऱ्या दिव्यांशी गाठ असते. दहाशिवाय कुणी उठणारच नसेल तर सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.

आणि रॅलीच्या मैदानात गाडी लावताना साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा ठेचलेला डबा ठेवा. सकाळी कडक वाटणारी जमीन रात्रीच्या दवाने मऊ होते, एक गाडी कलंडते आणि शेजारच्या चार घेऊन पडते. पेट्रोल कोक असेल तर बंद. वाळलेल्या गवतावर तापलेला सायलेन्सर नको.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि किती किलोमीटर झाले ते लिहा. ‘गाडी बंद पडते’ एवढ्यावर निदान होत नाही.